वीस तीन

आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीचे दोन उपयोग आहेत. आत पाणी साठतं आणि वर नेटवर्क सापडतं. पाणी फक्त उन्हाळ्यात आटतं, नेटवर्क बारमाही आटलेलं असतं. पण टाकीच्या आग्नेय कोपऱ्यात, उजवा पाय झाकणावर आणि डावा जवळजवळ हवेत ठेवून उभं राहिलं, की मोबाईलवर दीड कांडी उगवते. रोज दुपारी मी त्या मुद्रेत उभा असतो. वाडीत नव्यानं आलेली एक सून मला कुणाचा तरी पुतळा समजून लांबूनच पाया पडली, असं मावशी सांगतात. मावशी म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवतात त्या. त्यांच्या बोलण्यात मीठ अंमळ जास्त असतं. खिचडीत कमी.

वर चढायचं कारणही खिचडीच. किती मुलं जेवली तो आकडा रोजच्या रोज ॲपवर भरायचा. आकडा भरला, की दरडोई १०० ग्रॅमप्रमाणे तांदूळ शिलकेतून आपोआप वजा होतो. आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, पट २६, एक मी आणि एक मॅडम. मॅडम वयानं लहान असल्यामुळे हुशार आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्याला उंचीची भीती वाटते असं लेखी कळवलं.

तर एके दिवशी माझा मोबाईल टाकीवरून पडला. मी पडलो नाही, त्यामुळे कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. मोबाईल चालू राहिला, फक्त काचेची उजवी कड मेली. आकडे दाबायच्या पाटीवर उजव्या रांगेत ३, ६ आणि ९ असतात हे मला आजवर माहीत नव्हतं. ते उमटेनात. त्या दिवसापासून शाळेत २३ मुलं येणं मला परवडेना. २२ आली की जीव भांड्यात पडायचा, आणि तेविसावं पोर दप्तर हलवत फाटकातून धावत येताना दिसलं की पोटात गोळा. पट २६ असल्यामुळे शंभर टक्के हजेरी हे साऱ्या शिक्षकांचं स्वप्न मला घाम फोडू लागलं. "काच बदलून घ्या की सर," मॅडम म्हणाल्या. दुकानदारानं काचेची जी किंमत सांगितली तीत ३, ६ आणि ९ तिन्ही होते. ती मला टाइपसुद्धा करता आली नसती.

शेवटी चौथीतल्या मॉनिटरनं मार्ग काढला. "सर, दाबत कशाला बसता? माईकवर बोट ठेवा आन् बोला. आपोआप उमटतंय."

मी टाकीवर गेलो आणि मोबाईलला खणखणीत आवाजात सांगितलं, "तेवीस." मोबाईलनं ऐकलं "ते वीस", आणि २० लिहिलं. तीन पोरं जेवून उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशीही हजेरी २३च. तेव्हा मला एकदम आठवलं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' आलं होतं. केवढा गदारोळ झाला होता तेव्हा! विधानसभेपासून पानटपरीपर्यंत सगळा महाराष्ट्र गणितज्ञ झाला होता. मी स्वतः आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत 'ही मायमराठीची हत्या आहे' या विषयावर पाच मिनिटं बोललो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या टाळ्या मी टाकीवर उभ्या उभ्या परत केल्या. लहान मुलांना सोपं जावं म्हणून जे काढलं, ते यंत्राला तर जाईलच जाईल. शब्द सुटे सुटे करत म्हणालो, "वीस. तीन."

मोबाईलनं आज्ञाधारकपणे २० लिहिलं आणि त्याच्यापुढे ३ लिहिलं.

२०३.

ॲपनं विचारलं, 'आपल्याला खात्री आहे का?' आता, ज्या माणसानं लग्नात आणि घराच्या कर्जाच्या वेळी असल्या प्रश्नाला चष्मा न लावता 'होय' म्हटलं, तो खिचडीसाठी कशाला थांबेल?

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून फोन आला.

"गुरुजी, काल शाळेत लग्न होतं का?"

"नाही हो."

"मग २०३ ताटं कशी उठली? तुमच्या वाडीची लोकसंख्या किती?"

"एकशे ऐंशी."

"म्हणजे गुरंढोरं पण बसली पंगतीला?"

मी दुरुस्तीचं विचारलं. एकदा भरलेली माहिती शाळेला बदलता येत नाही, असं समजलं. दुरुस्तीसाठी अर्ज लिहायचा, अर्जाचा फोटो काढायचा, फोटोची पीडीएफ करायची आणि ती पीडीएफ लिंकवर चढवायची. "आणि मूळ अर्ज?" मी विचारलं. "तो फाईलला लावा. तपासणीला हार्डकॉपी लागते." म्हणजे कागद वाचवण्यासाठी आलेल्या यंत्राला समजवायला मला दोन कागद जास्त लागले. पण मी तसं म्हणालो नाही. मी "होय साहेब" म्हणालो. या दोन शब्दांवर माझी २७ वर्षं नोकरी झाली आहे आणि ते यंत्रालाही अचूक ऐकू येतात.

तंत्रज्ञान आणि मी यांचं पहिल्यापासून असं नव्हतं. आठ-दहा वर्षांपूर्वी डिजिटल शाळेची लाट आली तेव्हा मी लाटेच्या अगदी पुढे होतो. लोकवर्गणी काढली. वाडीनं पोटाला चिमटा घेऊन टीव्ही घेतला, भिंतीएवढा. नारळ फुटला, टीव्हीला हळदकुंकू लागलं, सरपंचांनी रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'सिग्नल नाही'. टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम तिथंच संपला, म्हणून सगळ्यांनी तो यशस्वी झाला असं धरलं.

टीव्ही ज्याच्या वर्गणीचा, त्याचा हक्क पहिला. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी वर्गात बेंचावर बापे आणि बाहेर व्हरांड्यात पोरं, अशी बैठकव्यवस्था झाली. अकराशे रुपये दिलेले पाटील पहिल्या बाकावर आणि एकावन्नवाले मागे दाराशी. मग विजेचं बिल थकलं, मीटर गेलं. पुढं मीटर आलं तर व्होल्टेज गेलं. आता तो टीव्ही भिंतीवर काळाकुळीत शांत आहे आणि त्याचा उपयोग मात्र एक दिवस थांबलेला नाही. सकाळी प्रार्थनेआधी चौथीच्या मुली त्यात बघून वेण्या घालतात. मागच्या पोकळीत चिमणीनं घरटं केलंय. परिसर अभ्यासातला पक्ष्यांच्या निवाऱ्यांचा भाग मी त्याच टीव्हीवर शिकवला. अंडी, पिल्लं, उडणं, सगळं क्रमानं. चित्र इतकं स्वच्छ, की एका पोराच्या हातावर पडलं.

२०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि आम्हा सगळ्या जिल्हा परिषदवाल्यांचं जगणं अवघड झालं. म्हणजे अभिमान वाटलाच. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावायची कल्पना एका वाडीवरच्या गुरुजींनी चालवली, याचा माझ्याही छातीला दोन इंच फायदा झाला. पण त्यानंतर रस्त्यात भेटेल तो विचारू लागला, "गुरुजी, आपला नंबर कधी?" घरी तर चौकशी समितीच बसली. पुरस्कार दहा लाख डॉलर्सचा, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकले, हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. हिनं भाकरी थापता थापता सात कोटींचे निम्मे मनात केले आणि म्हणाली, "मोठं मन आहे हो त्यांचं. तुम्हाला मिळाले तर वाटू नका."

त्या सात कोटींच्या दिशेनं माझं पहिलं पाऊल लॉकडाऊननंतर शाळा भरल्यावर पडलं. "काढा रे मराठीचं पुस्तक. आज कविता आपण मोबाईलवर ऐकायची." पुढच्याच बाकावरच्या पोराचं पुस्तक उचललं, कोडावर मोबाईल धरला आणि वर्गाकडे विजयी नजरेनं पाहिलं. पडद्यावर आलं, 'रक्कम टाका'.

झालं होतं असं, की पुस्तकातला कोड पावसात भिजून फाटला होता. पोरगं जबाबदार. त्यानं बापाच्या किराणा दुकानातला एक जादा कोड आणून भातानं नीट चिकटवला होता. दिसायला दोन्ही सारखेच, माझा तरी काय दोष? गडबडीत अंगठा कुठं कुठं लागला आणि नेमकं तेव्हाच वर्गात नेटवर्क कुठून आलं देव जाणे, पण खिडकीतून रस्त्यापलीकडच्या दुकानातली बाई मोठ्यानं बोलली, 'दहा रुपये प्राप्त झाले.' ती बाई म्हणजे गल्ल्याजवळचा डबा. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत दुकानदारानं प्रामाणिकपणे बिस्किटाचा पुडा पाठवून दिला. पुढचे आठ दिवस मुलं रोज म्हणायची, "सर, कालची कविता परत लावा ना."

लॉकडाऊनबद्दल मी फार बोलणार नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं तेव्हा म्हणत, आणि 'आवाज येतोय का?' ही त्या काळातली आमची प्रार्थना होती. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी मी सवयीनं फळ्यासमोर उभं राहून विचारलं, "आवाज येतोय का?" आणि मागच्या बाकावरून सवयीनंच उत्तर आलं, "सर, तुम्ही हलत नाय." पोरगं खोटं बोललं नव्हतं. दीड वर्षात माझं वजन नऊ किलोंनी वाढलं होतं.

खरा बदल केला तो फोटोनं. पूर्वी शिकवलं की ते शिकवून व्हायचं. आता त्याचा फोटो, तोही दिवस, वेळ, अक्षांश-रेखांशासह, केंद्राच्या ग्रुपवर जाईपर्यंत ते शिकवणं अधांतरी लटकत राहतं. याची नांदी २०१६च्या नोव्हेंबरातच झाली होती. सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत शिक्षकानं सेल्फी काढायचा आणि शिक्षण खात्याच्या 'सरल' संकेतस्थळावर चढवायचा, असा आदेश निघाला. शाळाबाह्य मुलं सेल्फीच्या ओढीनं येतील, अशी कल्पना. शिक्षकांनी ओरड केली आणि आदेश बासनात गेला. पण ओरड करायच्या आधी मी तालुक्याच्या बाजारातून सेल्फीची काठी आणली होती. आदेशाला इतक्या झटपट उत्तर दिल्याचा माझ्या सेवेतला तो एकमेव प्रसंग. काठी वाया गेली नाही. चिंचा पाडायला ती फारच सोयीची आहे.

मुलं तर माझ्यापुढे गेलीत. मोबाईल खिशातून निघाला की विचारतात, "सर, वाचताना बसू, का प्रयोग करताना?" एकीला गालावर हात ठेवून 'विचारमग्न' बसता येतं. मॉनिटर प्रकाश कुठून येतो ते बघून परीक्षानळी धरतो. नळीत काही नसतं. वृक्षारोपणाचा खड्डा आमचा कायमचा आहे. गेली पाच वर्षं त्याच खड्ड्यात, त्याच फावड्यासह, फक्त सरपंच बदलून फोटो निघतो. मागं एकदा भागाकार शिकवताना काय झालं कोण जाणे, सगळ्या वर्गाला एकदम उमगला. पोरं आनंदानं एकमेकांना उदाहरणं घालायला लागली, तास संपला तरी कुणी उठेना. मीही इतका रंगलो की मोबाईल काढायचं राहून गेलं. संध्याकाळी ग्रुपवर विचारणा आली, 'आजचा उपक्रम?' मी लिहिलं, 'निरंक.'

हा 'निरंक' आमच्या खात्यातला फार गोड शब्द आहे. काही नसलं तरी काही नाही हे कळवावं लागतं, त्यासाठीचा. आपल्याकडे पूरग्रस्त विद्यार्थी किती? निरंक. परदेशी गेलेले? निरंक. माहिती अतितातडीनं हवी असते, म्हणजे संदेश येण्याच्या अर्धा तास आधी. म्हणून तो बघायला तासातून एकदा टाकीवर जावं लागतं. मी वर असलो की पोरं खाली पाढे म्हणतात. मी वरून दुरुस्त करतो. त्यामुळे सगळ्या वाडीचे पाढे सुधारलेत.

ऑनलाइन प्रशिक्षणाचं मात्र मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगतो. चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ, ते संपले की प्रश्न, ते सुटले की प्रमाणपत्र. व्हिडिओ पुढं ढकलता येत नाही, म्हणून मी मोबाईल स्वयंपाकघरातल्या फडताळात टेकवून ठेवायचो आणि अंगणात पेपर वाचायचो. महिनाभरात प्रशिक्षण पूर्ण झालं. हिचं. प्रश्नही तिनंच सोडवले, पीठ लागलेल्या बोटानं. प्रमाणपत्र माझ्या नावाचं आलं. हरकत नव्हती, पण ज्ञान तिच्याकडे राहिलं. परवा बाजारातून भेंडीऐवजी गवार घेऊन आलो तर शांतपणे म्हणाली, "मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. तुम्हीच विचार करा. पिशवीत काय आहे? यादीत काय होतं? या दोन्हींत तुम्हाला काय फरक दिसतो?" मी म्हटलं, "त्यापेक्षा ओरड." तर म्हणाली, "भयमुक्त वातावरण."

आता मोबाईलशी बोललं की तो निबंधही लिहून देतो, हे आमच्या वाडीत गेल्या वर्षी कळलं. चौथीला 'माझी आजी' दिला होता. एका पोरानं बापाच्या मोबाईलवरून उतरवून आणला. अक्षर त्याचंच, काना-मात्राही त्याच्याच चुकलेल्या, पण मजकूर! 'माझी आजी ही आमच्या कुटुंबाचा भक्कम आधारस्तंभ असून तिचे व्यक्तिमत्त्व बहुआयामी आहे. तिच्या मायेच्या सावलीत आम्ही मूल्यांचे बाळकडू प्यायलो.' हे पोर म्हणजे मावशींचा सख्खा नातू. मी वही घेऊन थेट चुलीपाशी गेलो आणि मावशींना सगळा निबंध वाचून दाखवला. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला, पदर डोक्यावर ओढला आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण वारलं?"

"कुणी नाही हो. तुमच्यावर लिहिलंय."

"माझ्यावर? मी हाय की अजून!" मग नातवाकडे वळून, "कुणी शिकवलं रं तुला हे?"

"मोबाईलनं."

"त्यानं मला कवा बघितलंय?"

मी त्या पोराला सगळं पुन्हा लिहायला सांगितलं, मनानं. त्यानं चार ओळी लिहिल्या. 'माझी आजी शाळेत खिचडी करते. मला वाढताना ती डाव जास्त भरते. सरांनी बघितलं की ती म्हणते हे पोर आजारी आहे. मी आजारी नाही.' मी दहापैकी दहा दिले. डाव जास्त का भरतो याची चौकशी निरंक ठेवली.

तर, तांदूळ. दुरुस्तीचा अर्ज पीडीएफ होऊन वर गेला तो वरच राहिला आणि महिन्याभरानं साठा तपासायला साहेब स्वतः आले. ॲपच्या हिशेबानं शाळेत असायला हवा त्याहून जास्त तांदूळ निघणार होता. कमी निघाला तर काय करायचं याचे नियम आहेत. जास्त निघाल्याचा प्रसंग जिल्ह्यात पहिलाच. साहेबांनी पिशवीतून इलेक्ट्रॉनिक काटा काढला, जमिनीवर ठेवला, बटण दाबलं. सेल गेलेला. त्यांनी काटा पालथा करून थापट्या मारल्या. माझ्या मनात त्यांच्याविषयी पहिल्यांदाच बंधुभाव दाटून आला.

शेवटी दुकानदाराची जुनी तागडी आली. तिचा एक पलडा किंचित जड, म्हणून त्याच्या विरुद्ध बाजूला एक खडा ठेवायचा असतो, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. साहेबांना मॉनिटरनं सांगितलं. पाच-पाच किलोंची धारणं सुरू झाली. मुलं गोल करून मोठ्यानं मोजू लागली, मॅडम फोटो काढू लागल्या, दुसरीतली दोन पोरं सवयीनं विचारमग्न बसली. साहेबांनी मोबाईलवर हिशेब मांडायला घेतला तोवर चौथीतली एक पोरगी फळ्याशी जाऊन उभी राहिलेली. दोनशे तीनमधून तेवीस गेले, एकशे ऐंशी राहिले. शंभर-शंभर ग्रॅम म्हणजे अठरा किलो. तागडीतही अठराच जास्त निघाले, वर मूठभर.

"ही मूठ कसली?" साहेबांनी विचारलं.

"ती 'ते वीस'ची असंल," मॉनिटर म्हणाला.

खरं तर ती मूठ वजाबाकीच्या उलट्या बाजूला पडायला हवी होती, पण साहेबांनी मान हलवली आणि मीही गप्प राहिलो. त्यांना शेरा ॲपवरच नोंदवायचा होता, जागेवरून. त्यांनी मोबाईल वर धरला, खाली धरला, व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना जाऊन आले. मग माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघितलं.

साहेब चढले. बूट काढून, पँट दुमडून, मॉनिटरच्या खांद्यावर हात ठेवून. "साहेब, आणखी डावीकडं! तिथं नाय, झाकणावर! आता एक पाय उचला!" खालून मुलं सूचना देत होती. दीड कांडी उगवली. साहेबांनी बरंच काही भरलं, तोंडानं पुटपुटत, एका पायावर. मग थांबले.

"गुरुजी, हे विचारतंय, खात्री आहे का?"

मी मावशींकडे पाहिलं.

"व्हय म्हणा आन् उतरा खाली," मावशी म्हणाल्या, "खिचडी करपाय लागलीय."